बाईंच्या खुर्चीची गादी

मुलांनो, एक खुर्ची डोळ्यांसमोर आणा. लाकडी, सरळ पाठीची, हात नसलेली. बसायची जागा म्हणजे नुसती फळी, आणि त्या फळीला मधोमध एक चीर. आता त्या खुर्चीजवळ गुडघे टेकून बसलेली नऊ वर्षांची एक मुलगी आणा. शाळा भरायची घंटा व्हायची आहे, वर्गात कुणी नाही, आणि ती सुतळीने खुर्चीची रुंदी मोजते आहे. रुंदीला एक गाठ मारली, खोलीला दुसरी. एक डोळा सुतळीवर, दुसरा दाराकडे.

"काय गं, खुर्ची पळवतेस की काय?"

दारात चष्मिस उभी होती, तिच्या बाकावरची.

"हळू बोल ना! बाईंना भेट द्यायचीय. कुणाला सांगितलंस तर बघ."

"खुर्चीला सुतळी देणारेस?"

"तुझं डोकं!" असं म्हणून मुलीने सुतळीची गुंडाळी दप्तरात कोंबली.

या मुलीला घरात आणि वर्गात सगळे बटण म्हणत. रांगत्या वयात ती बाबांच्या डब्यातली सीटची बटणं तोंडात घालायची, तेव्हापासूनचं हे नाव. तिचे बाबा बसच्या कारखान्यात सीटा भरत. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, आतला स्पंज बदलायचा, दाभणाने पुन्हा शिवायचं, हे काम बावीस वर्षं. बसमध्ये बसलेला माणूस खिडकीबाहेर बघतो, ड्रायव्हरला नावं ठेवतो, डुलकी काढतो. सीट कुणी भरली, हे काही तो विचारत नाही. बाबांचंही त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. "बसल्यावर सीट आठवली, तर समजायचं काम बिघडलं," ते म्हणत. स्वतः मात्र ते दिवसभर पत्र्याच्या उपड्या डब्यावर बसून काम करत.

शाळेत वर्षाच्या शेवटच्या दिवशी मुलं बाईंना भेट देत. त्याची चर्चा बटणच्या घरी आठवडाभर आधी सुरू झाली.

"पेन दे," आई म्हणाली. "स्वस्त, सुटसुटीत. झालं काम."

"सगळे पेनच देतात, आई."

"मग बाईंनी पेनांचं दुकान टाकावं. आपल्याला काय करायचंय?"

बाबा जेवत होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "असं नसतं गं. महागाचं द्यायला आपल्याकडे नाही, ते सोड. पण ज्याला द्यायचं त्याच्याकडे आधी नीट बघावं. त्याला काय टोचतंय ते बघावं. बटण, तुझ्या बाईंना काय टोचतं?"

बटणने विचार केला. असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. मग तीन दिवस तिने बाईंकडे नीट बघितलं.

त्या शाळेचा एक नियम होता. वर्ग चालू असताना शिक्षकांनी बसायचं नाही. खुर्ची फक्त हजेरी घेण्यापुरती. हेडसर चपला न वाजवता व्हरांड्यातून फिरत आणि खिडकीतून डोकावत. बाई वयाने मोठ्या होत्या, केस पार पिकलेले, पण दिवसभर उभ्या असत. मात्र छोट्या सुट्टीत मुलं बाहेर पळाली, की त्या दार लोटून घेत, त्या चिरेच्या फळीवर बसत, डाव्या पायावरची पट्टी सोडत आणि पोटरी दोन्ही हातांनी दाबत. पाय सुजलेला असे. बटणने हे दाराच्या फटीतून दोनदा पाहिलं.

तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा खुलला. एखाद्या वैद्याला रोग सापडावा, तसा.

"फळीची कड मांडीत रुतत असणार. रक्त अडतं तिथं. पुढची बाजू उतरती हवी, गोलसर. मागं जरा जाड. तू फक्त माप आण."

चार संध्याकाळी बाबा घरी येऊन ती गादी शिवत बसले. कारखान्यातल्या साहेबांना विचारून आणलेले उरलेले तुकडे होते, स्पंजचे तीन आणि गडद निळ्या रेक्झिनचे दोन. कडेला त्यांनी पांढरा गोट लावला. बटण दोरा ओवून देत होती.

"एवढं जिवाला लावून घेतलंत हो," आई म्हणाली. "माझ्या पाटावर कधी फडकं नाही टाकलंत."

"तुझं काय, तू बसतेस कधी?"

"बघा! वर हे ऐका." पण आईच हसली, आणि जुन्या पातळाचा धुतलेला तुकडा तिने गुंडाळायला काढून दिला.

शेवटच्या रात्री गादी दिव्याजवळ धरून बाबा म्हणाले, "बावीस वर्षांत पहिल्यांदा ठाऊक आहे, मी भरलेल्या जागेवर कोण बसणार ते." आणि मग लाजल्यासारखं, "उद्या अर्धी रजा टाकतो. निकाल घ्यायला मीच येतो. बघू तरी कशी बसलीय."

सकाळी वर्गात टेबलावर भेटींचा ढीग झाला. हेडसर स्वतः येऊन पहिल्या बाकावर बसले. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येकाने पुढे यायचं, भेट उघडून दाखवायची आणि ती का निवडली, ते मोठ्याने सांगायचं. मुलांना चारचौघांत बोलायची सवय लागते, असं त्यांचं म्हणणं.

पेनं आली, फुलदाण्या आल्या, भिंतीवरची दोन घड्याळं आली. "बाई आम्हाला छान शिकवतात म्हणून," सगळे एकसारखं म्हणाले. टाळ्या वाजल्या. चष्मिसने अत्तराची बाटली दिली. "बाईंना छान वास यावा म्हणून," ती म्हणाली आणि वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या.

मग बटण उठली. तिने पातळाचा तुकडा सोडला. निळी गादी, पांढरा गोट. वर्गातून "ओहो" असा आवाज आला. बाईंनी गादीवरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे क्षणभर मऊ झाले. ते बटणने पाहिलं.

"वा," हेडसर म्हणाले. "आणि ही का बरं निवडली?"

बटणने सगळं पाठ केलं होतं. तिने हात मागे बांधले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "बाईंचा पाय दुखतो. छोट्या सुट्टीत बाई दार लावून बसतात आणि पायाची पट्टी सोडतात. पाय असा सुजतो. फळीची कड रुतते, म्हणून माझ्या बाबांनी ही पुढून उतरती केलीय. आता बाईंना खूप वेळ बसता येईल."

टाळ्या वाजल्या नाहीत. बाईंचा हात गादीवरून उचलला गेला होता.

"अस्सं," हेडसर म्हणाले. ते रागावले नव्हते. उलट एखादी हरवलेली किल्ली सापडावी, तसे खूश दिसले. "बाई, आपण तर म्हणाला होता, प्रकृती ठणठणीत आहे. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं, ती यादी आज दुपारीच लावायचीय मला. बरं झालं, मुलांकडून वेळेवर कळलं."

"काही दुखत नाही माझं, सर," बाई म्हणाल्या. "मुलगी काहीतरीच बोलते."

"मी खोटं नाही बोलत, बाई! मी फटीतून—"

"गप्प!"

बाई इतक्या मोठ्याने कधी ओरडल्या नव्हत्या. हेडसर उठले, कोट झटकला. "आज शाळा सुटेपर्यंत मी व्हरांड्यातच आहे. निकाल वाटायला तास-दीड तास आहे अजून. शिकवा की तोवर. उभ्याने." आणि ते बाहेर गेले.

मुलांनो, घाबरलेला माणूस कधीकधी आपल्याहून लहान कुणीतरी शोधतो. तेव्हा बटणला हे ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की बाईंनी गादी उचलली, खुर्चीवर आपटली आणि खुर्ची ओढून वर्गासमोर मधोमध ठेवली.

"इकडे ये. बस हिच्यावर."

"मी?"

"तुलाच हौस आहे ना बसायची? बस. शाळा सुटेपर्यंत हलायचं नाही. आणि सगळ्यांनी नीट बघा रे हिच्याकडे. दुसऱ्याच्या दाराला डोळे लावणारी मुलगी अशी दिसते."

बटण बसली. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. मग मागून कुणीतरी म्हणालं, "राणीसाहेब!" आणि हशा पिकला. बाईंनी तो थांबवला नाही. मुलांनी हे बरोबर हेरलं.

"राणीसाहेब, पाय चेपून देऊ का?"

"राणीसाहेबांच्या पायाला पट्टी बांधा रे!"

बटणने चष्मिसकडे पाहिलं. चष्मिसने आधी मान खाली घातली, आणि मग इकडेतिकडे बघून तीही हसली. त्याने बटणला जास्त लागलं.

बाई पाढे विचारू लागल्या. वर्ष संपलं होतं, पाढ्यांचं कुणालाच काही नव्हतं, पण बाई बाकांमधून येरझारा घालत होत्या, खिडकीतून दिसावं अशा. दोनाचा झाला, तिनाचा झाला. बटण सगळ्यांपेक्षा उंच बसली होती, त्यामुळे इतरांना न दिसणारं तिला दिसत होतं. बाईंची पट्टी सुटून घोट्यावर आली होती. वळताना त्या दर वेळी बाकाची कड धरत आणि कुणाचं लक्ष जायच्या आत सोडत. साताच्या पाढ्याला त्यांच्या ओठावर घाम होता. बटणच्या खाली गादी होती, पुढून उतरती, कुठेही न रुतणारी. ती खरंच फार चांगली झाली होती.

बटणने एकदा अगदी हळू म्हटलं, "बाई, तुम्ही बसा ना. मी उठते."

बाई जवळ आल्या, वाकल्या, आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझी भाकरी घालवलीस तू. कळतंय का तुला?"

आठाचा पाढा संपता संपता दारात बाबा आले.

कारखान्यातून थेट आलेले, कामाचेच कपडे, बाहीला निळ्या दोऱ्याचं टोक चिकटलेलं. त्यांनी आत पाहिलं. बाईंच्या खुर्चीवर, त्यांच्या गादीवर, सगळ्या वर्गासमोर त्यांची लेक बसली होती, आणि बाई तिच्या शेजारी उभ्या होत्या. बाबांचा चेहरा असा उजळला, की बटणला त्याच्याकडे बघवेना. त्यांच्या मागे, व्हरांड्यात चार पावलांवर, हेडसर घड्याळ बघत उभे होते.

"बाई," बाबांनी हात जोडले. "एवढा मान दिलात पोरीला. मला वाटलं होतं, ठेवून द्याल कुठंतरी कोपऱ्यात. तुम्ही तर पहिली तिलाच बसवलीत."

बाईंनी बाबांच्या खांद्यावरून हेडसरांकडे पाहिलं, मग खाली. मागच्या बाकावर कुणीतरी खुसकन हसलं, आणि ते हसू पुढे सरकू लागलं. बाबाही हसले, वर्गाबरोबर, त्यांना वाटलं मुलं आनंदात आहेत.

"कशी झालीय गं?" त्यांनी विचारलं. "रुतत नाही ना?"

मग बटणने काय केलं, सांगतो.

तिने ओले झालेले गाल पुसले नाहीत, कारण पुसले असते तर बाबांना कळलं असतं. ती खुर्चीवर ताठ बसली. "नाही रुतत, बाबा. बाई म्हणाल्या, आजच्या दिवस तूच बाई." मग तिने टेबलावरची लाकडी मोजपट्टी उचलली, वर्गाकडे तोंड केलं आणि टेबलावर मारली. "सगळ्यांनी म्हणा. नऊ एके नऊ."

कुणीच म्हटलं नाही. बाबा दारात मान हलवून वाट बघत होते.

"नऊ दुणे अठरा," बटण एकटीच म्हणाली, आणखी मोठ्याने. "नऊ त्रिक सत्तावीस."