लिंबोणीवरचा उपवास

चाळीस वर्षं मी, मदन शेटे, कापडाच्या दुकानात उभा राहिलो आणि एका सकाळी दुकानातच आडवा झालो. मिरजेला नेऊन हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या. घरी आलो तेव्हा दुकानाच्या किल्ल्या माझ्या मुलाच्या, आर्जवच्या, खिशात होत्या आणि माझ्यासाठी घरामागच्या परड्यात एक प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती. डॉक्टर म्हणाले होते, सकाळचं ऊन घ्या, डोक्याला त्रास करून घेऊ नका. ज्याला गिऱ्हाइकांच्या त्रासाशिवाय दुसरा उद्योग माहीत नाही, त्यानं करायचं काय? मी समोरच्या आडाच्या कठड्याकडे बघत बसायचो. दसरा गेला, दिवाळी गेली, मी कठड्याकडेच.

आमचं गाव सांगलीच्या अलीकडं, नदीला धरून. घरामागं परडं, परड्यात आड, आडाला लागून लिंबोणी. दिवाळीनंतर थंडी पडली आणि एका सकाळी त्या लिंबोणीच्या शेंड्यावर नवीन पाखरू येऊन बसलं. पाठ तपकिरी, पोट मळकट पांढरं, चोच टोकाला वाकलेली आणि डोळ्यांवरून काळी पट्टी. साळुंकीपेक्षा लहान, पण रुबाब फौजदाराचा. शेपटी वरखाली करत ते अख्ख्या परड्यावर नजर ठेवून बसायचं, दुसरं काही नाही. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं.

माझी बायको चंदनबाला रोज सकाळी कठड्यावर मूठभर ज्वारी टाकते. चिमण्या, साळुंक्या, होले सगळे तुटून पडतात. हे पाखरू त्याकडे ढुंकून बघेना. चंदननं तांदूळ टाकून बघितले, भिजवलेले मूग टाकून बघितले. पाचव्या दिवशी माझ्या हातात चहा देता देता ती हळू आवाजात म्हणाली, "आवं, ते पाखरू उपास करतंय."

"पाखरं कुठं उपास करत असत्यात?"

"मग खाईना कसं? समोर एवढं पडलंय, बाकीची भांडायल्यात आणि हे बसलंय शांत. मागल्या जन्मीचं काय तरी तप राहिलं असंल त्याचं."

तिच्या आवाजात जो आदर होता, तो लग्नाला अडतीस वर्षं होऊनही माझ्या वाट्याला आलेला नव्हता. मी तिची समजूत तशीच राहू दिली. तिथंच माझं चुकलं.

त्याच संध्याकाळी आर्जवनं माझ्या फोनमध्ये पाखरं ओळखायचं काहीतरी घालून दिलं. दुसऱ्या दिवशी मी फोटो काढला आणि फोननं नाव सांगितलं, तपकिरी खाटीक. खाली माहिती होती. हिवाळ्यात लांबून येतो, नाकतोडे, सरडे, पाली मारून खातो आणि उरलेलं नंतरसाठी काट्यांना टोचून ठेवतो. मी फोन पालथा घातला. मग खुर्चीतून उठलो, दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच कुणी न सांगता उठलो, आणि लिंबोणीपाशी गेलो. स्वयंपाकघराच्या बाजूच्या फांदीवर तीन नाकतोडे आणि अर्धी पाल, शोकेसमध्ये लावावेत तसे ओळीनं लावलेले होते.

आमच्या जैन घरात दिवस मावळल्यावर जेवण नाही, कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही, पाणी गाळल्याशिवाय घोटभर प्यायचं नाही. आणि स्वयंपाकघरापासून पंधरा पावलांवर हे दुकान थाटलेलं. चंदनला सांगितलं असतं तर तिनं आधी पाखरू हाकललं असतं आणि मग झाडं तोडणाऱ्या हरिबाला बोलावून लिंबोणी तोडून घेतली असती, म्हणजे हिंसेचं मूळच गेलं. मी पुन्हा कठड्याकडे बघत बसलो असतो. ते मला नको होतं. लपवायचं खरं कारण एवढंच, बाकीची मी मागाहून रचली.

सुनेच्या, दीपालीच्या, डब्यातून भुवया कोरायचा चिमटा उचलला. रोज पहाटे चंदन देवपूजेत असताना लिंबोणीवरचा माल उतरवायचा, जास्वंदीखाली पुरायचा आणि णमोकार मंत्र म्हणायचा. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मनात आलं, आपण हे करतोय काय? एक जीव लांबून उडत आपल्या दारी आलाय आणि आपण रोज त्याच्या तोंडचा घास काढतोय. दुसऱ्याच्या आहारात विघ्न आणलं की कोणतं कर्म बांधलं जातं, हे मला लहानपणी पाठशाळेत छडी खाऊन पाठ झालेलं होतं. म्हणजे ठेवलं तर पंचाईत आणि काढलं तरी पाप.

अखेर दुकानदाराचं डोकं कामाला आलं. जो माल गिऱ्हाइकाला दाखवायचा नसतो तो मागच्या गोदामात ठेवायचा असतो. मी स्वयंपाकघराकडच्या काट्यांवरचे नाकतोडे चिमट्यानं अलगद काढायचो आणि झाडाला वळसा घालून कुंपणाच्या बाजूच्या काट्यांवर नेऊन लावायचो. पाखराला दोन दिवसांत सवय झाली. तर अशा रीतीनं मी, पाच पिढ्यांत कुणी अंडं फोडलेलं नाही अशा घरातला माणूस, रोज सकाळी खाटकाचा माल लावून द्यायला लागलो. एकदा पाल लावताना माझं मलाच हसू आलं, आणि हसलो हे लक्षात आल्यावर जरा बरं वाटलं.

उपवासाची गोष्ट चंदननं समोरच्या विजयमालाला फक्त एकदाच सांगितली होती. विजयमालाला एकदा पुरतं. आठवड्याभरात बस्तीतल्या, म्हणजे आमच्या देवळातल्या, बायका पाखरू बघायला येऊ लागल्या. लिंबोणीखाली हात जोडून उभ्या राहायच्या. त्या आल्या की चंदन मात्र चहा टाकायच्या निमित्तानं आत जायची, तो मी तिचा विनय समजलो. विजयमाला तर म्हणाली, या पाखराकडं बघून तिचा अष्टमीचा उपवास पहिल्यांदा डोकं न दुखता पार पडला.

"काका, पाणी तरी घेतंय का वो?" तिनं विचारलं.

"मी तरी बघितलं न्हाई," मी म्हणालो. हे खरं होतं.

तेवढ्यात पाखरानं गवतात झेप टाकली आणि परत शेंड्यावर जाऊन बसलं.

"खाली कशाला गेलं?"

"वंदनेला," मी म्हणालो. "भुईला टेकून येतंय मधनंमधनं." हे खरं नव्हतं. पण तिनं लगेच दोन्ही हात कपाळाला लावले आणि मग मागं कसं फिरायचं?

जानेवारीत मुनिमहाराज पाच दिवसांसाठी बस्तीत मुक्कामाला आले आणि माझी झोप उडाली.

आमच्यात महाराज दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभ्यानं, ओंजळीत. सकाळी बस्तीतून निघताना मनात एक खूण धरतात. ती ज्या दारात दिसेल त्याच दारी थांबायचं, नाही दिसली तर उपाशी परत. खूण काय ते कुणालाच सांगत नाहीत. म्हणून गल्लीतल्या प्रत्येक दारात नवरा-बायको सोवळ्यानं उभे, कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात कलश, कुणाच्या हातात डाळिंब. चंदन अकरा वर्षं अशी उभी राहत होती. गावात येतील त्या प्रत्येक महाराजांसाठी पहाटे आडाचं पाणी शेंदून, गाळून, नवा स्वयंपाक करायची. अकरा वर्षांत एकदाही कुणी आमच्या दारी थांबलं नव्हतं. ती कधी बोलायची नाही. त्या दिवशी भांडी मात्र जरा जोरात घासली जायची.

पहिल्या दिवशी महाराज पुढं गेले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी चंदननं कलशावर आमच्याच लिंबोणीची तीन लिंबं ठेवली. ती नकोत म्हणावं तर कारण काय सांगणार? पहाटे मी झाड तपासून आलो होतो, पुढची बाजू लख्ख होती.

महाराज गल्लीत आले. उजवा हात खांद्याला टेकवलेला, डाव्या हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, नजर भुईवर. विजयमालाच्या दारावरून पुढं आले, आमच्या दाराशी आले आणि थांबले.

"नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु," चंदन म्हणाली. तिच्या कलशावरचं एक लिंबू घरंगळत पायरीवरून खाली गेलं. ते कुणी उचललं नाही.

आता पुढचं वाक्य घरच्या कर्त्या माणसानं म्हणायचं असतं. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे. म्हणजे मन स्वच्छ, वाणी स्वच्छ, शरीर स्वच्छ, अन्नपाणी स्वच्छ. सगळं ऐकल्यावरच महाराज आत पाऊल टाकतात. अकरा वर्षं मी हे वाक्य मनातल्या मनात घोकत आलो होतो.

"मनशुद्धी," मी म्हणालो. आणि पुढं तोंड उघडेना.

वचनशुद्धी कुठली? दोन महिने घरात रोज सकाळ-संध्याकाळ खोटं. वंदनेला जातंय म्हणे. दुकानात रंग जाणार नाही म्हणून शपथेवर सांगितलेलं कापड मला एकदम आठवलं, तेही बाहेर येतं की काय अशी भीती वाटली. परड्यातून पाखराची करकर ऐकू येत होती. मागून आर्जवनं माझं उपरणं ओढलं. महाराज नुसते उभे होते. न बोललो तर ते पुढं जाणार आणि चंदनची अकरा वर्षं फुकट. बोललो तर साधूच्या तोंडावर खोटं, तेही तिच्या कलशाच्या साक्षीनं.

"चंदन," मी म्हणालो, "ते पाखरू उपास करत न्हाई. सरडे मारून खातंय. मला पहिल्यापासनं ठाऊक हाय. मीच लपवलं."

समोर विजयमालाच्या हातातला कलश कलंडला. चंदननं महाराजांवरची नजर हलवली नाही. ओठ न हलवता, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "मला ठाऊक हाय. पुढचं म्हणा."

"वचनशुद्धी," मी म्हणालो, आणि बाकीचं एका दमात म्हणून टाकलं. महाराजांनी आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलं.

आहार निर्विघ्न झाला. पहिला घास चंदननं दिला. तिचे डोळे वाहत होते आणि हात मात्र स्थिर होता. मग मी पाणी दिलं. आहार झाल्यावर महाराज पाटावर बसले. अशा वेळी घरच्यांनी एखादा नियम घ्यायचा असतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आजपासून खोटं बोलणार नाही, महाराज," मी हात जोडून म्हणालो.

"जमेल तेवढाच घ्यावा," महाराज म्हणाले.

मी विचार केला. "चंदनशी खोटं बोलणार नाही."

महाराज थांबून राहिले.

"पाखराबद्दल," मी म्हणालो.

त्यांनी पिंछी उचलून आशीर्वाद दिला.

दुपारी मी परड्यात खुर्चीवर बसलो होतो. चंदन आतून दुसरी खुर्ची आणि निवडायला ज्वारीचं सूप घेऊन आली.

"कवापासनं ठाऊक हाय तुला?" मी विचारलं.

"दीपालीच्या चिमट्याला नाकतोड्याची तंगडी सापडली तवापासनं. आन् स्वयंपाकघराच्या खिडकीतनं सगळं दिसतंय की. तुमी दबकत दबकत झाडामागं जातासा, ते काय दिसत न्हाई व्हय?" तिनं एक खडा काढून टाकला. "परवा तो सरडा तुमी उलटा लावलासा. त्या पाखराला किती तरास झाला काढायला."

"मग बायकांना उपासाचं का सांगत हुतीस?"

"एकदाच सांगितलं, ते कळायच्या आधी. कळल्यापासनं एक अक्षर बोलले न्हाई. त्या आल्या की आत जात हुते. वंदना-बिंदना तुमीच म्हणालासा."

हे खरं होतं. तिची वचनशुद्धी शाबूत होती, भर गल्लीत उघडी पडली ती माझीच.

"मला तरी बोलायचं हुतंस."

तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"मिरजेहून आल्यापासनं तुमी त्या कठड्याकडं बघत बसायचा. चहा दिला तर घ्यायचा, न्हाई दिला तर तसंच. मला वाटायचं, माणूस घरी आणलाय खरा, पण ह्यो तिकडंच राहिलाय. मग ते पाखरू आलं आन् तुमी आपल्या पायानं उठून झाडापाशी गेलासा." तिनं पदरानं नाक पुसलं. "मला कळलं असतं तर त्याला हाकलायला लागलं असतं. म्हणून मला कळलं न्हाई."

अडतीस वर्षं मी या बाईला भोळी समजत होतो.

पाखरानं गवतात झेप टाकली आणि चोचीत काहीतरी हिरवं घेऊन ते लिंबोणीवर परतलं, नेमकं आमच्यासमोरच्या फांदीवर. चंदननं ते ओझरतं बघितलं. मग उठली, खुर्ची उलटी फिरवली आणि झाडाकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून बसली. सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"काय करायलंय ते?" तिनं विचारलं.

नियम घेऊन अजून चार तासही झाले नव्हते.

"जेवायलंय," मी म्हणालो.

"पोटभर?"

मी नीट बघून घेतलं. "पोटभर."

"बरं," ती म्हणाली आणि ज्वारी निवडायला लागली.