रिकाम्या पत्त्याची मुलं

आग्लायाबाई जिल्हा शिक्षण कार्यालयात आल्या तेव्हा त्यांच्या हातात तेरा मुलांची यादी होती आणि माझ्या पडद्यावर त्यांच्या गावच्या शाळेपुढे सहाचा आकडा. पट दहाच्या खाली गेला की शाळा बंद. सोमवारपासून मुलं बसने अठरा किलोमीटरवरच्या शाळेत जाणार होती.

"पोरी, फिजिक्स शिकलीस ना? मग तेराचे सहा कसे होतात ते सांग."

याच शाळेत त्यांनी मला बेरीज शिकवली होती.

मला खरंच सांगता येईना. आम्ही नुसतं बटण दाबायचो. बटणामागचा मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या ओळी, आमच्या कार्यालयातल्या कोस्तेलकाकांनी निवृत्त होण्याआधी लिहिला होता. मी तो उघडून ओळीओळीने वाचला. तो पिव्होट टेबलातले, म्हणजे मोजदादीच्या तक्त्यातले, सगळे रकाने आधी काढून टाकतो. मग 'गाव' ओळींत बसवतो, 'पालकांचा पत्ता' गाळणीत टाकतो आणि गाळणीतल्या 'रिकामे' या नोंदीपुढची खूण पुसतो, म्हणजे पत्ता नसलेली ओळ मोजलीच जात नाही.

यात मूर्खपणा नव्हता. शाळांच्या तक्त्यांत तळाशी अनुक्रमांक आणि गाव आधीच टाकलेल्या, पण बाकी कोऱ्या अशा ओळी असत. त्या मुलं म्हणून मोजल्या जाऊ नयेत. काकांच्या काळी रिकामा पत्ता म्हणजे रिकामी ओळच.

"बाई, सात जणांचे पत्ते का भरले नाहीत?"

"तुमच्या फॉर्मवर काय लिहिलंय? पालकांचा जिल्ह्यातला पत्ता. मिरेलाची आई परदेशात, बोलोन्यात एका म्हातारीची सेवा करते, बाप तिकडेच फोज्जात टोमॅटो तोडतो. जिल्ह्यातला कुठला लिहू? खोटं लिहू?"

"आजीचा लिहायचा."

"तो लिहिला म्हणून तर गेल्या वर्षी तुमच्याच माणसाने झापलं मला. म्हणे, आजी पालक नाही!"

बाईंच्या तक्त्यात कोरी ओळ एकही नव्हती; मी मॅक्रोतली ती गाळणारी ओळ पुसली, बटण दाबलं. तेरा. बाईंनी क्रूसाची खूण केली.

छापलेला कागद घेऊन आम्ही कार्यालयाचे प्रमुख ह्रिस्कुसाहेब यांच्याकडे गेलो. त्यांनी तो दोनदा पाहिला.

"चूक बरोबर पकडलीस. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल."

"आणि यंदा?"

"यादी सहीनिशी राजधानीत, बुखारेस्टला गेली. हरकत शाळेनेच घ्यायची, शाळेच्या शिक्क्यानिशी."

"शिक्का काल तुम्हीच जमा करून घेतलात!" बाई म्हणाल्या.

"बंद शाळेचा शिक्का जमा करावाच लागतो."

"मग अर्जावर काय उमटवू, बटाटा?"

साहेब हसले नाहीत. "बाई, माझ्याही डोक्यावर साहेब आहे," एवढंच म्हणाले. त्यांच्यामागच्या काचेच्या कपाटात तो शिक्का दिसत होता, दोऱ्याने चिठ्ठी बांधलेला.

बाई परत माझ्या टेबलाशी बसल्या. "निदान पत्ते तरी भर." त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेले: बोलोन्या, फोज्जा, तोरिनो, परत फोज्जा. सातही भरल्यावर मी काकांची पुसलेली ओळ पुन्हा लिहून पाहिली. तरीही तेराच आले.

"आता?"

"आता काही नाही, बाई."

त्यांनी यादीची घडी घातली. "बस किती वाजता?"

"सहा चाळीसला."

"मिरेलाला गाडी लागते. तिला पुढच्या सीटवर बसवा, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?"

मी तक्ता डावीकडून उजवीकडे शेवटपर्यंत सरकवला. असा रकाना नव्हता.