अडलं तर बद्रीनाथला विचारा

नव्या माणसाचं अकाउंट उघडायचं काम शेठनं बद्रीनाथलाच सांगितलं, आणि बद्रीनाथचं डोकंच फिरलं. माणसाला काढायचं तर काढा ना बाबा, पण त्याच्या जागी येणाऱ्यासाठी पाट-रांगोळीही त्यानंच करायची?

नवीन जालन्यातल्या त्या बियाण्यांच्या कंपनीचा लिनक्स सर्व्हर बद्रीनाथनं एकट्यानं उभा केल्ता. तेव्हा हा करण शाळेत नाक पुसत होता. आता शेठच्या मेव्हण्याचा हा पोरगा पुण्याहून शिकून आला, आणि रामरावशेठ म्हणाले, "बद्रीनाथ, लोकं तुम्हाला काही विचारायला भेतात. आता करणच बघंल सगळं." भेतात म्हणे! भ्यायलाच पाहिजे, असं बद्रीनाथचं स्वच्छ मत होतं.

नवं अकाउंट उघडलं की सर्व्हर त्या माणसाला त्याची स्वतःची जागा देतो, तिला होम म्हणतात. ठरवून ठेवलेल्या दोन-चार फायली त्या होममध्ये आपोआप जाऊन पडतात. बद्रीनाथनं त्यातल्या एका फायलीत फार पूर्वीच एक ओळ घालून ठेवली होती. त्यामुळं शेठपासून गोडाऊनच्या कारकुनापर्यंत जो कुणी लॉगिन करील, त्याला आधी तीच दिसायची: 'अडलं तर बद्रीनाथला विचारा. स्वतः हात लावू नये.'

करणनं लॉगिन केलं, ओळ वाचली आणि हसला. "काका, हे भारीये."

"काका कुणाला म्हणून राह्यला? मी तुझ्या बापाचा भाऊ हाय का?"

"बरं, सर." पोरगं काही चिडलं नाही, त्यामुळं बद्रीनाथच आणखी चिडला. "तुमचं अकाउंट आज काढायला सांगितलंय. होमसकट काढू का? त्यात काही कामाचं आहे?"

होतं ना! ट्रकच्या पावत्या छापणारा प्रोग्रॅम बद्रीनाथनं मुद्दाम स्वतःच्या होममध्ये ठेवला होता आणि कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. होम पुसलं की पावत्या बंद. पावतीशिवाय ट्रक गेटाबाहेर जात नाही, आणि पेरण्या तर तोंडावर आलेल्या. नाक दाबलं की तोंड उघडतं. मंग येतील शेठ हात जोडत.

"बिलकुल काही न्हाई," बद्रीनाथ म्हणाला. "खुशाल पुसून टाक."

करण त्याच्याकडं जरा बघत राहिला. "बराबर आठवून बघा, सर."

"तू मला शिकवतो?" बद्रीनाथनं डबा उचलला आणि तो निघाला.

घरी पुष्पाबाईंनी नवऱ्याचं तोंड बघूनच ओळखलं. "गेली का नोकरी?"

"जातीय कुठं! उद्याच बोलावतील. माझ्याबिगर पान हलत न्हाई तिथं."

"पाण्याच्या मोटारीलाबी तुम्ही कुणाला हात लावू देत न्हाईत," पुष्पाबाई म्हणाल्या. "तुम्ही भोकरदनला गेल्ते तव्हा मीच चालू केली. काय झालं मोटारीला?"

बद्रीनाथ ताटावरून उठला. बायकोचं बोलणं त्याला मिरचीसारखं झोंबलं होतं.

सकाळी तो कंपनीच्या गेटासमोरच्या टपरीवर जाऊन बसला. आत ट्रकांची रांग लागलेली, एकही हलेना. ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत होते. बद्रीनाथला इतका आनंद झाला की त्यानं टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला, तोही मलई मारून. फोन काढून समोर ठेवला. घ्या आता! अडला हरी गाढवाचे पाय धरी.

तेवढ्यात पहिला ट्रक गेटाशी आला. ड्रायव्हरनं पावती दाखवली, वॉचमननं दांडा वर केला. मागोमाग दुसरा निघाला. बद्रीनाथ फोन उचलून धावतच गेटावर गेला.

"पावत्या कशा काय निघाल्या?"

"रोजच्यासारख्या," वॉचमन म्हणाला. "वजनकाटा उशिरा उघडला, म्हणून थांबलेल्या गाड्या."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का! तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसचाच नंबर. जीव नुसता फोनात गेल्ता, तरी त्यानं दोन-तीन रिंग होऊ दिल्या.

"सर, मी मीना. गोडाऊनची."

"अडलं ना शेवटी?"

"न्हाई सर, काही अडलं न्हाई. तुमचं होम काढायच्या आधी करणसरांनी बघून घेतलं. पावत्यांचा प्रोग्रॅम सापडला, तो दुसरीकडं हलवला."

"मंग मला फोन कशाला केला?" बद्रीनाथ खेकसला.

मीना अडखळली. जुनीच भीती. "ती ओळ, सर. लॉगिन केल्यावर येती ती. करणसर म्हणले, ओळ त्यांची हाय, काढायच्या आधी त्यांना विचार. काढू का?"

बद्रीनाथला एकदम रडूच आलं. रागानं का लाजेनं, त्याचं त्यालाच कळेना. 'मला विचारा' म्हणत तो जन्मभर माणसांवर डाफरला होता, आणि आज कुणीतरी खरंच आदबीनं विचारत होतं.

"सर? ऐकू येतंय ना?"

"काढ," तो म्हणाला. मग घाईघाईनं, पहिल्यांदाच मऊ आवाजात, "कोणत्या फायलीत हाय ते सांगू का तुला?"

"न्हाई सर," मीना म्हणाली. "सापडली."