तीन वाट्या पाणी

तुदा मुकादमाच्या पायरीशी उभी राहून भांडत होती. मुकादम तोंडावरचं फडकं सावरत पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, की गावाबाहेर पडायच्या परवानगीचा कागद घरटी एक, आणि तो घरातल्या कर्त्याच्या नावाचा. तिच्या घरातला कर्ता म्हणजे सासरा, बा मोहा. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही डोळे गेलेले. नवरा वारल्यापासून चार वर्षं नांगर, पाणी, कापणी सगळं तुदाच ओढत होती.

"म्हातारा उंबऱ्याभाईर पडत न्हाई, मुकादम. शेत म्या करते."

"मला ठावं हाय. कागदाला ठावं न्हाई."

मुकादम वाईट माणूस नव्हता. शहरातून आलेल्या छापील कागदावर जेवढ्या ओळी, तेवढंच त्याला सुचत होतं.

साथ आल्यापासून पुलावर दोन शिपाई बसवले होते, आणि शेतं सगळी पुलापलीकडे. बाकल्याच्या शेंगांच्या पिकाला फुलं धरली होती. वाळवंटाकडचा वारा तीन दिवस चुलीच्या तोंडातून आल्यासारखा वाहत होता. परवा दुपारी त्यांची पाण्याची पाळी होती. ती बारा दिवसांनी एकदा यायची. पाटकरी भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायचा. ती भरून बुडाली की एक वाटी पाणी झालं. तुदाच्या घराच्या वाट्या तीन. पाटाच्या तोंडाशी घरचं माणूस उभं नसलं, तर पाणी पुढच्या शेताला. रिवाज पणजोबाच्या आधीचा, तो साथीला घाबरून थांबणार नव्हता. बाकला मात्र आणखी बारा दिवस तग धरणार नव्हता, आणि बाकला गेला की हिवाळ्यात चुलीवर ठेवायला काही उरणार नव्हतं.

घरी येऊन तिनं सरकारचा उद्धार सुरू केला. बा मोहा भाकरीचा तुकडा तेलात बुडवत ऐकत होता.

"शिव्या देऊ नगं," तो म्हणाला. "उवांच्या तापाच्या साली कुणी दारं लावली न्हाईत. ज्यो त्यो म्हनं, मला कोन अडवनार? ह्या आळीतनं अकरा मढी गेली. माझी आय त्यातच. कुलूप बराबर हाय, पोरी. किल्ली तेवढी भलत्याच्या हाती दिलीया."

"भलत्याच्या म्हंजी तुमच्या."

"व्हय. म्हनून म्याच जातो."

"तुमाला दिसत न्हाई, बा."

"पान्याला दिसतंय की."

कागदावर दर खेपेला शिक्का घ्यावा लागे, आणि तो ज्याचं नाव त्यानंच. दुसऱ्या दिवशी सकाळी बा मोहा मुकादमाच्या अंगणात जाऊन बसला. एकमेकांजवळ येऊ नका, असं लिहिलेल्या फळ्याखाली चाळीस माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. कुणीतरी खोकत होतं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा शिक्का मिळाला.

पाळीच्या दिवशी तुदानं त्याला गाढवावर बसवलं आणि फावडं बांधलं. पुलावर शिपायानं कागद पाहिला. गाढव जाऊ दे, म्हातारा जाऊ दे, तू माघारी फीर, असं त्यानं सांगितलं. ती गयावया करून पाहत होती, तोवर गाढव रोजच्या वाटेनं निघालंसुद्धा.

तिनं परत येऊन घराच्या धाब्यावर चढून पाहिलं. बा मोहानं वहाणा काढल्या, पायानं चाचपत बांध शोधला आणि गुडघ्यावर बसून पाटाचं तोंड हातांनी उकरलं. फावड्याला त्यानं हातही लावला नाही. वाटीवर कान देऊन तो बसत होता. ती बुडाली की उठून पुढचा वाफा फोडत होता. तिसरी वाटी बुडेपर्यंत सगळे वाफे काळे झाले. पाण्याचा एक ओघळ बांधाबाहेर गेला नव्हता.

संध्याकाळी तो मांडीपर्यंत चिखलात माखून आला. बारा वर्षांनी शेतात गेलो, असं चार वेळा म्हणाला, आणि दोन भाकरी जेवला.

पाचव्या दिवशी ताप चढला. आठव्या दिवशी पांढऱ्या कपड्यातली माणसं गाडी घेऊन आली. तुदा गाडीत चढू लागली तेव्हा त्यांनी कागद मागितला. कागद बा मोहाच्या खिशात होता, त्याच्या नावाचा.

दोन दिवसांनी मुकादमाला फोन आला. शहरातच पुरलं होतं, अनोळखी माणसांनी.

मुकादम स्वतः घरी आला. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यानं सांत्वन केलं, मग पिशवीतून नवा कागद काढला. कर्त्याच्या जागी तुदाचं नाव होतं. आता तुला कोणी अडवणार नाही, असं तो म्हणाला. परवा पुन्हा पाळी येणार, हेही त्याच्या ध्यानात होतं.

तुदाला अक्षर येत नव्हतं. तिनं बोट ठेवत विचारलं, "ह्ये काय लिवलंय?"

"भाईर जायाचं कारन. शेत, बाजार, दवाखाना, औषध. ह्यातल्या एकावर फुली मारायची."

"शहरात जाऊन कबर बघायची झाली, तर कंच्यावर मारू?"

मुकादमानं कागद वळवून मागची बाजूही पाहिली. मग त्यानं खिशातलं पेन काढलं आणि खाली मान घालून शेतापुढं फुली मारली.

बाकला त्या साली कधी नव्हे एवढा आला.