गाडी न येताच आलेले निकाल

ती रुग्णालयाच्या संगणक विभागात होती आणि तिचा दीर तळमजल्यावरच्या रक्तपेढीत. रक्ताच्या पिशव्यांची नोंद रुग्णालयाच्या डेटाबेसमध्ये व्हायची. तपासणीचे निकाल मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेच्या डेटाबेसमध्ये पडायचे. निकालासाठी दीर दिवसभर फोनला चिकटलेला. म्हणून तिने एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिली: इथल्या नोंदींच्या टेबलातला पिशवीचा नंबर तिथल्या टेबलात शोधायचा, निकाल चांगला असेल तर पडद्यावर हिरवी खूण. दीर जो भेटेल त्याला सांगत सुटला, "वहिनींनी माझा कान वाचवला!" प्रयोगशाळेनेही मग फोन करणं बंद केलं.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. एका दुपारी ती डबा उघडते न उघडते तोच दिराचा फोन.

"वहिनी, आज प्रयोगशाळेची गाडी आलीच नाही. सकाळचे नमुने माझ्यासमोर पडलेत."

"मग?"

"मग त्या पिशव्यांना हिरवी खूण कशी? तपासलं कोणी?"

तिने डबा बाजूला सारून क्वेरी उघडली. पिशव्यांचे नंबर दरवर्षी पुन्हा एकपासून सुरू होत. आधी क्वेरीत वर्षाचीही अट होती. पण त्या अटीपायी प्रयोगशाळेचं अख्खं टेबल इकडे ओढलं जाई आणि पडदा तासन्‌तास हलत नसे. साहेब रोज डोकं खायचे. शेवटी तिने ती अट तात्पुरती काढली आणि ते काम तसंच राहून गेलं. आजच्या पिशव्यांना गेल्या वर्षीच्या, भलत्याच कुणाच्या रक्ताचे निकाल चिकटत होते.

"भाऊजी, यातली एखादी वर गेलीय?"

"एक. बाळंतिणींच्या वॉर्डात. आत्ताच."

वॉर्डाचा फोन लागेना. ती जिने चढत धावली. परिचारिका नळी जोडत होती. रक्त अर्ध्या नळीपर्यंत उतरलं होतं.

"थांबवा!"

परिचारिकेने नळी चिमटली. खाटेवरच्या बाईने बाळाला जवळ ओढलं. "काय झालं हो?"

"काही नाही. पिशवी बदलतोय," परिचारिका म्हणाली. हिला मात्र त्या बाईकडे बघवेना.

खाली येऊन तिने अट पुन्हा घातली आणि दोन्ही टेबलांना नवा प्रश्न विचारला: महिनाभरात दिलेल्यांपैकी कोणत्या पिशवीचा खरा निकाल वाईट होता? दीर खुर्चीमागे उभा राहून पुटपुटत होता, "नको, एकही नको." पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. मग एक ओळ उमटली. दुसरी आली नाही.

ती पिशवी ज्याला दिली, तो शस्त्रक्रिया होऊन नुकताच घरी गेलेला माणूस होता. खबर लागताच साहेब आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. "मी आधी वर कळवतो. तोवर कुणालाही फोन करायचा नाही. नोकरी प्यारी आहे ना?"

तिने दिराकडे पाहिलं. दिराने मान खाली घातली आणि फोन तिच्याकडे सरकवला.

तिने त्या माणसाच्या घरचा नंबर लावला. पलीकडे एका मुलीचा आवाज आला. "बाबांशी बोलायचंय? कालपासून ते थंडीने कुडकुडताहेत, ताप उतरतच नाहीये. पण ते आजारी आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांना घेऊन आत्ताच्या आत्ता या," ती म्हणाली. साहेबांनी फोन हिसकायला हात पुढे केला, तशी ती पाठ वळवून कुठे यायचं ते सांगत राहिली.