फाटकाजवळची शीळ

मी बोलतोय, पण जरा जवळ या. माझा जन्मच आवाज अडवण्यासाठी झालाय, त्यामुळे मोठ्यानं बोलणं मला जमत नाही. मी लाकूड कापायच्या कारखान्यातला कानपट्टा. वर वाकलेली पट्टी, दोन टोकांना दोन वाट्या, वाट्यांना मऊ गाद्या. करवतीवरच्या माणसाचे कान झाकायचे, एवढंच माझं काम.

मालकांनी मला मिस्त्रींच्या हातात दिलं तेव्हा मी हरखून गेलो होतो. मिस्त्रींनी मला दोन मिनिटं घातलं आणि उतरवलं.

"हे घातलं तर पोरीची शीळ कशी ऐकू यायची?" म्हणाले, आणि मला खुंटीला टांगलं.

त्यांची मुलगी दुपारी डबा घेऊन यायची. आत यायला मनाई, म्हणून फाटकाशी उभी राहून शीळ घालायची. बारीक, लांब. मिस्त्रींनीच शिकवलेली. ती ऐकली की त्यांची मान वर व्हायची. "आली माझी बाई!" मला त्यांचा राग नाही यायचा. त्या कानांना एकदा नीट कुशीत घ्यावं, एवढंच वाटत राहायचं.

अशी अकरा वर्षं गेली. संध्याकाळी मिस्त्री कान चोळत, "दडे बसलेत जरा," म्हणत, आणि सकाळी पुन्हा करवत सुरू. सगळ्यांनीच कानाडोळा केला. माझ्यावर भुसा साचत गेला.

मग ते भलत्याच वेळी फाटकाकडे जाऊ लागले. "शीळ आली ना?"

"मिस्त्री, आत्ता कुठे दहा वाजलेत. भूक फार लागते हो तुम्हाला!" सोबती हसायचे. बाहेर कुणीच नसायचं. करवत बंद असली तरी शीळ त्यांच्या कानातच वाजत होती.

एका दुपारी मुलगी खरंच आली. तिनं एकदा शीळ घातली, दोनदा, तिसऱ्यांदा. मी खुंटीवरून ऐकत होतो आणि मला हलताही येत नव्हतं. मिस्त्री पाठमोरे फळी घासत होते. "आता नाही फसायचो," असं स्वतःशीच पुटपुटले. शेवटी ती आत आली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, केव्हाची शीळ घालतेय!"

मिस्त्री फळीवरच बसले. "ती तू होतीस होय गं?"

कान तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा. मिस्त्रींनी कानाला खडा लावला, पण फार उशिरा.

आता करवतीवर मुलगी असते. पहिल्या दिवशी मिस्त्रींनीच मला खुंटीवरून उतरवलं, पुसलं आणि तिच्या कानांवर बसवलं. "करवत सुरू व्हायच्या आधी घालायचं. नंतर नाही."

"आणि तुम्ही हाक मारलीत तर?"

"खांद्याला हात लावीन की."

तुमच्याकडेही माझा कुणी भाऊबंद खुंटीला असेल, तर त्याला आजच उतरवा. आम्हाला वाट बघायचा फार कंटाळा येतो हो.

दुपारी करवत थांबते. मुलगी मला गळ्यात सरकवते, मिस्त्रींच्या समोर येते आणि शीळ घालते. ते तिच्या ओठांकडे बघतात.

"आली माझी बाई!" म्हणतात, थोडं उशिरा, आणि जरा जास्तच मोठ्यानं.