आधी हाताचा फोटो

टिटवीला टिटवी म्हणायचे ते काही उगाच नाही. ती घरात शिरण्याआधी तिचा आवाज शिरायचा. आज मात्र शाळेतून आल्यापासून ती बाबांच्या फोटोखोलीत संगणकापुढे मूग गिळून बसली होती, आणि म्हणूनच आई दर दहा मिनिटांनी डोकावत होती.

"जमतंय का गं?"

"जमणार! न जमून सांगतंय कुणाला?"

पाच वाजता आत्या येऊन बाबांचा कॅमेरा दुरुस्तीला नेणार होती. आतलं सगळं पुसलं जाईल, असं दुरुस्तीवाल्याने आधीच बजावलं होतं. आणि आत होते बाबांनी शेवटच्या आठवड्यात काढलेले फोटो. बाबा कोसळले ते उठलेच नाहीत; तेव्हाच कॅमेराही हातातून पडला. कार्डाचं झाकण चेपून घट्ट बसलं, केबलचं भोक वाकडं झालं. फोटो बाहेर यायला आता वायफायची एकच वाट उरली होती.

टिटवीने सगळं करून पाहिलं. पासवर्ड पुन्हा टाकला, संगणक बंद करून चालू केला, दोन्ही एकाच वायफायवर आहेत ना तेही बघितलं. दर वेळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तेच: "दुसऱ्या संगणकाशी जोडलेला आहे. आधी ती जोडणी तोडा."

"दुसरा कुठला, डोंबलाचा?" घरात संगणक एकच. बाबांचा जुना भंगारात जाऊन सहा महिने झाले होते.

जोडणी तोडायचं बटण दाबलं. दाबलं न दाबलं सारखंच. मग तिने वैतागून वायफायचा डबाच बंद केला. स्वयंपाकघरात आईच्या फोनवरचं गाणं मध्येच थांबलं. कॅमेऱ्यावरच्या सिग्नलच्या रेघा मात्र जागच्या हलल्या नाहीत.

डबा बंद, मग हा सिग्नल येतोय कुठून? शोधल्याशिवाय गप्प बसेल ती टिटवी कसली! कॅमेरा घेऊन ती घरभर हिंडली. स्वयंपाकघरात एक रेघ. जिन्यात एकही नाही. फोटोखोलीत तीन. आणि कोपऱ्यातल्या बाबांच्या उंच स्टुलापाशी पाचच्या पाच.

स्टूल रिकामं होतं.

तिने कॅमेरा अलगद त्यावर ठेवला. "बाबा," ती पुटपुटली. इतक्या हळू ती जन्मात कधी बोलली नव्हती. "सोड ना रे. आत्या येईल आता."

पडदा काळा झाला. मग अक्षरं उमटली: "जोडणी सुटली."

तिने धावत जाऊन डबा चालू केला, संगणकापुढे बसली, आणि फोटो धडाधड यायला लागले! पहिला बाबांच्या तळहाताचा, वाकड्या करंगळीसकट. रंग नीट लागावेत म्हणून कुणाचेही फोटो काढण्याआधी स्वतःच्या हाताचा फोटो काढायचा, ही त्यांची पद्धतच होती. "हात दाखवून अवलक्षण," आई चिडवायची. "फोटो तर सुलक्षणी येतात ना?" बाबा म्हणायचे. मग दात घासणारी आई. मग तोंडाचा आ करून भांडणारी टिटवी. एकूण एक्केचाळीस.

"आई! आले! सगळेच्या सगळे आले!"

आई आली, स्वतःचं फेसाळलेलं तोंड बघून हसता हसता रडली. तेवढ्यात बेल वाजली तशी डोळे पुसत दार उघडायला गेली.

टिंग. बेचाळिसावा फोटो.

तळहात. वाकडी करंगळी. मागे पुसटशी हीच खोली, हाच संगणक, आणि पाठमोरी एक मुलगी; केसांत आज सकाळी लावलेली पिवळी क्लिप. खाली तारीख आजची.

टिटवी सावकाश वळली. कॅमेरा स्टुलावरच होता. भिंगावरचं झाकणही लावलेलंच.

"अगं टिटवे, कुठंय तो कॅमेरा?" बाहेरून आत्याने हाक मारली. "आण लवकर!"

पण हाताचा फोटो झाल्यावर पुढे काय असतं, हे या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने खुर्ची स्टुलाकडे फिरवली, बटा कानामागे सारल्या, पाठ ताठ केली.

"आत्या, थांब जरा," भिंगावरची नजर न हलवता ती म्हणाली. "माझा फोटो व्हायचाय अजून."